होर्मुझकाका

आंबिवली स्टेशनाबाहेरून शेअर रिक्षाने मोहन्याला यायचं तर तिसरी सीट भरेपर्यंत थांबावं लागतं. काकांना तेवढा वेळ पुरतो. "गॅस किती दिवस पुरेल घरातला?" अशी साधी चौकशी करून ते सुरुवात करतात आणि रिक्षा हलेपर्यंत तुम्ही इराणच्या किनाऱ्याला लागलेले असता. जगातलं जवळजवळ एक पंचमांश तेल होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जातं. आपल्याला लागणारा निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरून येतो, त्यातला बहुतेक याच वाटेने. "म्हणजे तुमच्या कुकरची शिट्टी कुणाच्या हातात आहे, कळलं का? याची झळ आपल्याला लागणार!" एवढं बोलून ते उतरतात. भाडं तुम्ही देता, कारण सुटे पैसे त्यांनी आणीबाणीसाठी राखून ठेवलेले असतात.

त्यांना खरं नाव आहे, पण ते फक्त लाइट बिलावर दिसतं. गावाला ते होर्मुझकाका म्हणूनच ठाऊक. पेपर ते मधल्या पानापासून वाचतात, हातात लाल बॉलपेन. तांबड्या समुद्रात हुतींनी जहाजांवर हल्ले सुरू केले तेव्हा काकांनी भिंतीवरच्या नकाशावर आफ्रिकेला वळसा घालून रेघ मारली आणि वाढलेले दिवस काकूंना मोजून दाखवले. काकू म्हणाल्या, "दळण आणायला जाताय ना?" दर जानेवारीत दावोसच्या मंडळींचा जागतिक जोखमींचा अहवाल येतो, तो काका पंचांगाच्या श्रद्धेने वाचतात. 2025 च्या अहवालात त्या वर्षाची सगळ्यात मोठी जोखीम म्हणून देशादेशांतल्या युद्धाचं नाव होतं आणि पुढच्या दोन वर्षांसाठी खोट्या माहितीचं. काकांनी तो सोसायटीच्या ग्रुपवर पहाटे साडेपाचला टाकला. खाली पाच जणांनी गुलाबाची फुलं टाकून 'शुभ सकाळ' केलं.

सोसायटीच्या मीटिंगला तर ते हमखास येतात. विषय होता पाण्याची टाकी धुण्याचा. काका उठले. चीनने एप्रिल 2025 मध्ये दुर्मिळ खनिजांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, गाड्यांचे कारखाने घायकुतीला आले, तेव्हा आपल्या पंपाची मोटर जळली तर काय, असा त्यांचा सवाल. मागून वायरमन म्हणाला, "काका, आपल्या पंपात ते चुंबक नसतंच."

"आज नसतं. मी उद्याचं बोलतोय."

सेक्रेटरींनी 'चर्चा झाली' एवढंच इतिवृत्तात लिहिलं.

हसायला सोपं आहे. पण काकांची उमेदीची वर्षं एनआरसीत गेली. लाकडाच्या लगद्यापासून रेयॉन करणारा हा कारखाना, उल्हास नदीकाठचं मोहने त्याच्या भोंग्यावर उठायचं आणि जेवायचं. 2009 मध्ये तो बंद पडला आणि हजारो घरं देण्यांच्या हिशोबात अडकली. काका त्याबद्दल फार बोलत नाहीत. कधीतरी चहाबरोबर एवढंच म्हणतात, "कारखाना एका दिवसात बंद पडत नाही रे. आधी ओव्हरटाइम जातो. मग कँटीनची भाजी पातळ होते. बघणाऱ्याला दिसतं. आम्ही तेव्हा क्रिकेटचं पान वाचत होतो."

त्यांचा मुलगा ऐरोलीला आयटीत आहे. जुलै 2025 मध्ये टीसीएसने आपली दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असल्याचं सांगितलं. मुलाची कंपनी वेगळी, पण त्या दिवशी काकांनी ग्रुपवर काहीच टाकलं नाही. रात्री पोरगा जेवायला बसला तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमचं कँटीन कसं आहे रे?"

"कँटीन नाही बाबा, फूड कोर्ट. तीन काउंटर आहेत."

"आधी किती होते?"

पोराने टिटवाळ्याला दुसरा फ्लॅट बुक करायचं ठरवलं होतं. ते बारगळलं आणि आधीच्या घराचा हप्ता मात्र वाढवून भरला जाऊ लागला. ही तडजोड कोणी घडवली, हे घरात कोणी बोलत नाही.

एआयची धास्ती वेगळीच. हाँगकाँगच्या एका कर्मचाऱ्याला 2024 मध्ये व्हिडिओ मीटिंगमध्ये साहेब दिसले, सहकारी दिसले, त्याने त्यांच्या सांगण्यावरून वीस कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. मीटिंगमधला एकही चेहरा खरा नव्हता. हे वाचल्याबरोबर काकांनी घराला परवलीचा शब्द लावला, दर पहिल्या तारखेला नवा. मग एकदा कल्याणात त्यांचा फोन बंद पडला आणि त्यांनी दुकानातून घरी लावला.

"अगं, मी बोलतोय. कपाटातल्या फाइलमधला खाते नंबर वाच जरा."

"शब्द?"

काका गप्प. तारीख होती दोन.

"अगं, मीच आहे!"

"असंच म्हणतात सगळे." मग काकूंनीच वाट काढली. "कारखान्यातला तिकीट नंबर सांगा." काकांनी श्वास न घेता सांगितला. खाते नंबर मिळाला.

हल्ली मुलाने त्यांच्या फोनमध्ये एआय घालून दिलंय. शत्रू जवळून बघितलेला बरा, म्हणून काका रोज रात्री त्याच्याशी मराठीत वाद घालतात. नोकऱ्या जाणार की नाही, तैवानवर संकट आलं तर चिपा कुठून आणणार, खरं सांग. परवा त्याने लिहिलं, 'आपला मुद्दा अगदी बरोबर आहे.' काकांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं आणि फोन घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले.

"बघ! एवढ्या वर्षांत मला बरोबर म्हणणारं कोणीतरी भेटलं!"

"बरं झालं," काकू फोडणीवरून नजर न काढता म्हणाल्या. "आता सिलिंडरचा नंबरही त्यालाच लावायला सांगा. कालपासून तुम्हाला सांगतेय."