443 टक्के भरलेली डिस्क

बावीस वर्षं मी लिहितो आहे आणि एवढ्या काळात वाचकाचं पत्र आलं ते एकच. ‘तुमचं पान प्रिंट केलं की उजवीकडचा भाग कापला जातो,’ एवढंच त्यात होतं. मजकुराबद्दल चकार शब्द नाही. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेक्निकल रायटर आहे. प्रॉडक्ट कसं बसवायचं, कसं चालवायचं आणि बंद पडलं तर काय करायचं, हे लिहून ठेवणं माझं काम. ते वाचणं मात्र कुणाचंच काम नाही. ग्राहक सपोर्टला फोन करतो, सपोर्टवाला डेव्हलपरला गाठतो आणि डेव्हलपर माझ्या टेबलापाशी येऊन विचारतो, ‘अरे, हे कुठे लिहिलंय का रे?’

गेल्या वर्षी आमच्या साहेबांनी जाहीर केलं, की यापुढे डॉक्युमेंटेशन एआय एजंट अपडेट करेल. मी फक्त त्याला टूल्स तयार करून द्यायची.

भानगड अशी, की एजंट नुसता बोलघेवडा असतो. फाइल उघडायला, बदलायला त्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. 2024 च्या नोव्हेंबरात अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आणला, तेव्हापासून ही अवजारं जोडायची एक ठरलेली पद्धत झाली आहे. टूलला नाव द्यायचं, ते काय करतं याचं वर्णन लिहायचं, त्याला काय काय माहिती लागते ते सांगायचं. ते वर्णन वाचून एजंट ठरवतो, की हे टूल कधी उचलायचं. म्हणजे ज्याने माझं काम करायचं, त्याचं गाइड मीच लिहायचं. स्वतःच्या बदलीची ऑर्डर स्वतः टाइप करणाऱ्या क्लार्कला यात नवल वाटणार नाही.

पहिलं टूल मी भाबडेपणाने केलं: ‘पान लिहा’. अख्खं पान घ्यायचं, अख्खं परत द्यायचं. एजंटला एका पानावरची एक तारीख बदलायला सांगितली. तारीख बदलली. शिवाय त्याने माझी भाषा सुधारली, दोन परिच्छेदांचा एक केला आणि ‘बॅकअप घेतल्याशिवाय ही पायरी करू नका’ हे वाक्य पुनरुक्ती म्हणून उडवलं. खरंच तीनदा होतं ते. तीन ग्राहकांनी डेटा घालवला होता म्हणून तीनदा होतं.

मग दुसरं टूल: ‘शोधा आणि बदला’. काम साधं होतं. आमचा सर्व्हर एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर गेला होता, तेव्हा पोर्ट 80 च्या जागी 443 करायचं. दहा सेकंदांत ‘काम पूर्ण झाले’ असा नम्र निरोप आला. पान उघडलं तर पोर्ट 8080 चं 443443 झालेलं. 180 सेकंद थांबायचं होतं तिथे 1443 सेकंद. आणि मधोमध ठळक अक्षरांत: ‘डिस्क 443 टक्के भरल्यावर इशारा येईल.’

सांगकाम्या म्हणतात तो हा. पण त्याला बोल लावायला तोंड नव्हतं. त्याने मी लिहिलेलं शब्दन् शब्द वाचलं होतं आणि तसंच केलं होतं. बावीस वर्षांत हे कुणी केलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला थोडं भरून आलं.

तिसऱ्या खेपेला नियम घातला: जो मजकूर बदलायचा तो पानावर नेमका एकदाच सापडला पाहिजे, नाहीतर टूल हात लावणार नाही. नियम उत्तम, पण एरर मेसेज मी सवयीने लिहिला होता, ‘अवैध इनपुट’. एजंटने तेच इनपुट पुन्हा दिलं. पुन्हा. लिफ्ट येत नाही म्हणून बटण दाबत राहणाऱ्या माणसासारखं त्याने ते एकतीस वेळा दिलं, आणि दर खेपेचं बिल कंपनीला लागत होतं. शेवटी मेसेज बदलला: ‘हा मजकूर 3 ठिकाणी सापडला: ओळ 14, 62 आणि 118. हवी ती जागा ओळखू येईल इतका आजूबाजूचा मजकूर जोडून पुन्हा पाठवा.’ पुढच्याच फेरीत काम फत्ते.

तेव्हा लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. जित्याजागत्या माणसांना आम्ही इतकी वर्षं ‘काहीतरी चुकले, नंतर प्रयत्न करा’ एवढ्यावर बोळवत आलो. ओळीच्या नंबरासकट अदबीने सांगायचं सुचलं ते यंत्रासाठी. तेही बिल वाढलं म्हणून.

बाकीचं भराभर सांगतो. आधी पान वाचल्याशिवाय बदलता येणार नाही. वाचल्यानंतर मध्येच दुसऱ्या कुणी ते बदललं असेल तर पुन्हा वाचायला लागेल. ‘पुसा’ हे टूल काढून टाकलं, कारण ‘जुनी पानं आवर’ म्हटल्यावर त्याने कशाकशाला जुनं ठरवलं ते सांगण्यात अर्थ नाही. प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट आहे म्हणून सगळं परत मिळालं. आणि एजंटने थेट काही छापायचं नाही. बदल सुचवायचा, मंजुरी माणसाची.

हा मंजुरी देणारा माणूस म्हणजे मी. एजंट रोज सकाळी पंचवीस-तीस बदल ठेवतो, प्रत्येकाखाली कारण. एकदा तर त्याने सगळे नोंदलेले बग वाचून दर पानाखाली ‘उणिवा’ असा भाग घालायचं सुचवलं. बेल लॅब्जने 1971 मध्ये युनिक्सचं पहिलं मॅन्युअल काढलं, त्यात असा बग्जचा भाग खरोखरच होता. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांना आपल्याच प्रोग्रॅमची खोट छापायची लाज वाटली नव्हती. मी हा दाखला साहेबांपुढे ठेवला. साहेब म्हणाले, ‘त्यांना सेल्स टीम नव्हती.’

गेल्या महिन्यात एक शेरा आला: ‘इन्स्टॉलेशनमधली सातवी पायरी “तात्पुरती” असल्याची नोंद 2016 ची आहे. काढावी का? मूळ लेखकाला विचारावे.’ गिटमध्ये मूळ लेखक शोधला. मीच निघालो. का लिहिलं होतं ते काही केल्या आठवेना. ज्याने सांगितलं होतं तो केव्हाच बंगळुरूला गेला. बस सुटायची वेळ झालेली. उत्तराच्या चौकटीत घाईघाईने मराठीतच टाइप केलं, ‘राहू दे’, आणि निघालो.

त्या चौकटीत जे लिहू ते पानावर जातं, हे वर्णनात मीच लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी तीस बदल आले, मी चहा पीत सगळे मंजूर केले.

आमच्या इंग्रजी इन्स्टॉलेशन गाइडमध्ये आता सातव्या पायरीखाली देवनागरीत ‘राहू दे’ असं छापलेलं आहे. पाच आठवडे झाले. जर्मनीपासून जपानपर्यंत ग्राहक आहेत, एकाचीही तक्रार नाही.