रश्श्याचं बारसं

आमचे दाजी कोल्हापूरचे, सासुरवाडी छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजची. दर घरात एक माणूस असा असतोच, ज्याला पदार्थ खाण्याआधी त्याचं बारसं उरकायचं असतं. आमच्या घरात ते खातं दाजींकडं आहे.

"जावईबापू, शेरवा घ्या की अजून," आई म्हणाली. दाजींचा घास तोंडाशीच थांबला. "मामी, रस्सा म्हणा. तांबडा रस्सा. आणि पांढरा कुठाय?" पांढरा केलाच नाही म्हटल्यावर त्यांनी असा चेहरा केला, जणू घरात कुणी आजारी आहे. तेवढ्यात मालवणची वहिनी बोलून गेली, "आमच्याकडे याला सागोती म्हणतात." मग पंधरा मिनिटं कोल्हापूर आणि कोकण यांच्यात बोलणी चालली आणि शेरवा निवला.

त्यात आईनं आलू घातलेले. पाहुणे वाढले की मटण वाढत नाही, आलू वाढतात. दाजींनी रश्श्यातून फोड वर काढली, बोटानं दाबून पाहिली, आतपर्यंत तिखट मुरलेलं दिसलं तरी ताटाच्या कडेला सारली. "मटणात बटाटा? आमच्याकडं पोरगी देणार नाहीत!" शहागंजच्या भाजीवाल्याशीही सकाळी त्यांचा "बटाटे द्या" आणि "आलू? कितने?" असा सामना झालेलाच होता. शेजारच्या खालांकडून आलू-गोश्तचा डबा आला, तर नवी हरकत: बटाट्याचं नाव मटणाच्या आधी कसं? डबा मात्र रिकामा परत गेला. कडेची फोडही कुठंशी गेली.

रात्री त्यांना नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचं कालवण, खायला नेलं. वाटेत सांगितलं, 1327 मध्ये तुघलकानं राजधानी दौलताबादला हलवली, त्याच्या फौजेबरोबर हे इथं आलं म्हणतात. "तेव्हा बटाटा होता का?" नव्हता. तो पोर्तुगीजांनी आणला, दोन-तीनशे वर्षांनी. दाजींची छाती फुगली. दिल्लीची फौजसुद्धा कोल्हापूरच्याच मताची निघाली.

देगेजवळ गेल्यावर त्यांना राहवेना. "चाचा, मूळ शब्द कलिया. 'ख' नाही." दखनीत क़चा ख होतो, हे चाचांना कुणी सांगायला नको होतं. पळी न थांबवता ते म्हणाले, "कलिया दिल्ली में मिलता साब. यहाँ खलियाइच मिलता."

हळद-गुळाच्या पाण्यानं पिवळाधमक झालेला नान दाजींनी तोडला, बुडवला, आणि बराच वेळ कशालाच नाव ठेवलं नाही.

घरी ताईनं विचारलं, "काय खाल्लंत?"

"नान," दाजी म्हणाले, "आणि तांबडा रस्सा. हळद जरा जास्त पडलेली."