बाणाला वळण लावण्याचे सोपे उपाय

लिनक्सच्या पडद्यावर माऊसचा बाण सगळीकडे एकसारखा दिसावा, अशी इच्छा तुमच्या मनात आली? अभिनंदन. संध्याकाळ मोकळी ठेवा. जमल्यास पुढचं वर्षही.

१. काहीही फेकू नका. पडद्यावर खिडक्या आणि बाण दाखवणारा एक्स११ हा प्रोटोकॉल १९८७ सालचा. त्यात कर्सर म्हणजे एका फॉन्टमधली अक्षरं: ७७ आकार, प्रत्येकाला एकेक मुखवटा, रंग फक्त दोन. साधा बाण आहेच, शिवाय कोळी आहे, कॉफीचा मग आहे, स्प्रेचा डबा आहे, चाच्यांची कवटी आहे आणि स्टार ट्रेकमधलं यानही आहे. बँकेचं स्टेटमेंट बघताना कवटी कुणाला लागते, असं विचारू नका. कुणीतरी, कुठंतरी ती वापरत असेल या धाकावरच हा सगळा डोलारा उभा आहे. कवटी राहू द्या.

२. आता कर्सर थीमचं फोल्डर उघडा आणि दचकू नका. २००३ मध्ये एक्सफ्री८६ ४.३ बरोबर एक्सकर्सर ही लायब्ररी आली आणि बाणांना रंग, सावली, पारदर्शकता मिळाली. पण जुने प्रोग्रॅम आपापलं काळं-पांढरं चित्र घेऊनच यायचे. त्यांना दुखवायचं कसं? मग लायब्ररी त्या चित्राच्या ठिपक्यांवरून एक हॅश काढते आणि त्या नावाची फाइल थीममध्ये आहे का बघते. म्हणून तिथं ३२ आकडे-अक्षरांच्या लिंकांची रांग लागलेली दिसेल. डिस्क खराब झालेली नाही. तो हात आहे. त्याच्या शेजारचा बहुधा घड्याळ.
तुमच्या प्रोग्रॅमचा हॅश सापडत नसेल, तर एक्सकर्सर_डिस्कव्हर हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल चालू करा, टर्मिनलवर उमटलेला आकडा उतरवून घ्या आणि आणखी एक लिंक जोडा. थीम बनवणं ही चित्रकला आहे, असं समजणाऱ्यांची कीव करा.

३. नावं पाठ करा. बारशाला प्रत्येक आत्यानं वेगळं नाव सुचवावं आणि कुणाचंच मोडू नये, तसा प्रकार आहे. बाणाला कुणी ‘लेफ्ट_पीटीआर’ म्हणतं, कुणी ‘डिफॉल्ट’, कुणी ‘ॲरो’. ‘पॉइंटर’ मागितलंत तर बाण मिळणार नाही. सीएसएसच्या हिशेबानं तो हात. सगळ्या नावांच्या लिंका करा.

४. वेलँडवर या. २००८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पानं एक्सची अडगळ टाळायचं ठरवलं आणि बाण काढायचं काम प्रत्येक प्रोग्रॅमवर सोपवलं: चित्र तुमचं, टोक कुठं तेही तुम्हीच सांगा. त्यामुळे एका खिडकीतून दुसरीत जाताना बाण मध्येच वाढतो किंवा खंगतो. एक्सकर्सर_साइझ हा व्हेरिएबल २४ करून बघा. तरीही जो ऐकणार नाही, तो एक्सवेलँडमधून, म्हणजे जुने एक्स प्रोग्रॅम वेलँडवर चालवणाऱ्या थरातून, आलेला पाहुणा समजा.
२०२३ मध्ये कर्सर-शेप हा प्रोटोकॉल आला. आता प्रोग्रॅमनं नुसतं आकाराचं नाव सांगायचं, चित्र कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या एकत्र करून पडदा रंगवणारा प्रोग्रॅम, लावतो. उत्तम. तोही लिहा. आधीचा मात्र काढू नका, कारण पहिला मुद्दा.

५. हार्डवेअर बंद करा. ग्राफिक्स कार्डात कर्सरसाठी वेगळा थर असतो, अनेक जुन्या कार्डांत ६४ गुणिले ६४ पिक्सेलचा. बाण त्यात मावला नाही किंवा ड्रायव्हर रुसला, की तो कधीकधी गायब. डब्ल्यूएलरूट्स या लायब्ररीवर उभ्या असलेल्या कंपोझिटरना हा थर वापरू नका असं सांगणारा व्हेरिएबल ठाऊक असला, की माणूस जाणकारांत मोडतो. बाण थोडा अडखळेल. अडखळू द्या, दिसतोय ना?

६. तक्रार आली की स्क्रीनशॉट मागा. कर्सर वेगळ्या थरावर असल्यानं त्या थरातला बिघाड स्क्रीनशॉटमध्ये उमटत नाही, आणि पुरावा येईपर्यंत तुम्ही निर्दोष. समोरच्यानं चिडून मोबाइलनं पडद्याचा फोटो काढून पाठवला, तर नम्रपणे कळवा की फोटो हलला आहे.