घडणावळ

बास्केटबॉल संघाने आपला सगळ्यात मोठा खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन टाकावा का, या प्रश्नावर मत द्यायला बास्केटबॉल खेळता यावं लागत नाही. तशी अट असती तर निम्मी अमेरिका गप्प बसली असती, आणि मीही. माझी उंची पाहून शाळेतल्या पीटीच्या सरांनी मला कायम स्कोअर लिहायला बसवलं. स्कोअर लिहिणाऱ्याचा एक फायदा असतो. कुणावाचून संघाचं अडतं, हे त्याला खेळणाऱ्यांच्या आधी कळतं. शिवाय दुसऱ्याच्या घरच्या देण्याघेण्यावर आपण बोलायचं नाही, तर कुणी बोलायचं?

या प्रश्नाने अलीकडे सगळ्यात जास्त झोप उडवली ती टेक्सासमधल्या डॅलस शहराची. २ फेब्रुवारी २०२५, रविवार. आपल्याकडे सकाळचे पावणेअकरा होत आले होते. आदल्याच दिवशी अर्थसंकल्प झाला होता आणि बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणजे नेमकं काय, या चर्चेत घरोघरी पोहे निवत होते. संध्याकाळी वानखेडेवर इंग्लंडशी टी-ट्वेंटी सामना होता. डॅलसमध्ये तेव्हा शनिवारचीच रात्र होती, अकरा वाजून गेले होते. निम्मं गाव झोपलेलं असताना बातमी आली, की डॅलस मॅव्हरिक्सने लुका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकला. बातमी देणाऱ्या पत्रकाराचं खातं कुणीतरी हॅक केलंय, असंच पुष्कळांना आधी वाटलं.

वाटणारच. लुका स्लोव्हेनियाचा. तेराव्या वर्षी रेआल माद्रिदने त्याला स्पेनला नेलं. २०१८ साली अमेरिकेतल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, अटलांटाने त्याला उचललं आणि त्याच रात्री डॅलसला दिलं. पुढे सलग पाच वर्षं तो वर्षातल्या सर्वोत्तम पाच खेळाडूंच्या संघात बसला. जून २०२४ मध्ये त्याने डॅलसला अंतिम फेरीत नेलं. तिथे बॉस्टनने ४-१ असं हरवलं खरं, पण पोरगा पंचविशीचा होता. अशा वयात हरलं की लोक ‘पुढच्या वर्षी’ म्हणतात आणि जेवायला बसतात.

त्याच्या बदल्यात आला अँथनी डेव्हिस. तोही मोठाच खेळाडू, पण एकतिशीचा आणि वरचेवर दुखापतींनी बेजार. जोडीला मॅक्स ख्रिस्टी नावाचा एक तरुण आणि लेकर्सचा २०२९ सालचा ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा हक्क. हा शेवटचा ऐवज मला फार आवडतो. २०२९ मध्ये ड्राफ्टला उभा राहणारा पोरगा त्या रात्री कुठेतरी दहावीत असणार. गणिताच्या तासाला डुलक्या काढत असणार. आपण एका थोर खेळाडूच्या मोबदल्यात मोजले गेलो आहोत, याची त्याला गंधवार्ताही नसणार.

आता मॅनेजरची बाजू. ती ऐकून न घेता निकाल द्यायचा तर मग आपल्यात आणि चावडीत फरक काय? डॅलसचे तेव्हाचे जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांचं म्हणणं असं होतं, की अजिंक्यपद बचावावर मिळतं, आणि डेव्हिस बचावात भिंत आहे. लुकाचं वजन आणि तब्येत यांची क्लबला काळजी होती, असंही तेव्हा छापून आलं. नाताळच्या सामन्यात पोटरी दुखावल्यापासून तो बसूनच होता. त्यातून २०२५ च्या उन्हाळ्यात त्याच्याशी पाच वर्षांचा सुमारे साडेचौतीस कोटी डॉलरचा करार करावा लागला असता. एवढी रक्कम डोळ्यांसमोर आली की कुणाच्याही मनात समोरच्याच्या पोटाच्या घेराविषयी शंका येऊ लागतात. हिशेब म्हणून हे सगळं मांडता येतं. कागदावर खोटं असं त्यात काही नाही.

पण हिशेब कुठे अडतो, ते बघा. घरातला दागिना मोडायला नेला की सराफ तो काट्यावर ठेवतो, घट धरतो, त्या दिवसाचा भाव लावतो आणि पैसे मोजतो. घडणावळ मात्र जाते. तुम्ही ती भरलेली असते, पण परत मिळत नाही. मौजेची गोष्ट म्हणजे ती सराफालाही मिळत नाही. दागिना आटवला की ती दोघांच्या मधल्या हवेत विरून जाते.

स्टार खेळाडूचं अगदी हेच आहे. २४ मे २०२४ ची मिनेसोटाविरुद्धची रात्र घ्या. डॅलस दोन गुणांनी मागे. लुकासमोर रुडी गोबेर, सात फूट एक इंच, त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू. लुकाने चेंडू आपटत त्याला पुढे येऊ दिलं, अचानक मागे उडी घेतली आणि तीन गुणांची टोपली केली. शेवटचे तीन सेकंद उरले होते. गुणफलकाच्या हिशेबात त्या फटक्याची किंमत तीन गुण. पण त्या रात्री डॅलसमध्ये कुणी शेजाऱ्याला मिठी मारली असेल, कुणी झोपलेल्या पोराला उठवून टीव्हीसमोर आणलं असेल. लेकर्सना तो हात मिळाला, ते मनगट मिळालं. ती रात्र त्यांना मिळाली नाही आणि डॅलसकडेही ती पूर्वीसारखी राहिली नाही. सात वर्षांची घडणावळ गेली आणि ती कुठल्याच खात्यावर जमा झाली नाही. म्हणून असे व्यवहार दोन्ही बाजूंना ‘बरोबरीचे’ दिसतात, तेव्हाही काहीतरी कमी भरतं.

डॅलसच्या लोकांना हे जरा जास्तच लागलं, कारण त्यांना सवय वाईट लागलेली. डर्क नोवित्स्की या जर्मन खेळाडूने १९९८ ते २०१९ असे एकवीस हंगाम तिथेच काढले. २०११ साली त्याने मायामीला हरवून अजिंक्यपद आणलं, आणि त्यानंतरच्या आठ हंगामांत संघाला बाद फेरीतली एकही मालिका जिंकता आली नाही. निव्वळ हिशेबी माणसाने त्याला २०१२ मध्येच कुठेतरी खपवलं असतं. डॅलसने त्याला म्हातारा होऊ दिलं आणि २०२२ च्या नाताळला स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा केला. लुका गेल्यावर लोक आले ते याच पुतळ्यापाशी. फुलं आणली, जर्सी आणल्या, कुणी तर चक्क शवपेटी आणली. खुद्द डर्कने काय करावं? लुकाचा लेकर्सकडून पहिला सामना होता, तेव्हा तो लॉस एंजेलिसला जाऊन प्रेक्षकांत बसला. निष्ठेचा पुतळा असा उठून परगावी निघाला, की मॅनेजरने आपलं काय चुकलं याचा विचार करायला हरकत नाही.

म्हणजे स्टार कधीच विकू नये का? असं म्हणणं सोपं आहे, आणि इतिहास ते म्हणू देत नाही. टोरंटोचं उदाहरण तर अंगावर येतं. डिमार डिरोझन नऊ हंगाम तिथे खेळला. इतर मोठे खेळाडू कॅनडातून पळ काढत, हा मात्र राहतो म्हणत होता. २०१८ मध्ये क्लबने त्यालाच देऊन कवाय लेनर्ड आणला. डिरोझन दुखावला, गावही हळहळलं. पुढच्याच वर्षी टोरंटोने पहिलं अजिंक्यपद जिंकलं. काही आठवड्यांत लेनर्ड बॅग भरून क्लिपर्स संघाकडे निघून गेला. इथे घडणावळ बुडाली हे खरं, पण सोन्याचा भाव असा काही आला की कुणी तक्रारीला जागा ठेवली नाही.

त्याच उन्हाळ्यात ओक्लाहोमा सिटीच्या पॉल जॉर्जलाही लेनर्डच्या शेजारी खेळायचं होतं. त्याने तसं सांगितलं, ओक्लाहोमाने त्याला सोडलं आणि मोबदल्यात ड्राफ्टच्या हक्कांची चळत आणि शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा एक शिडशिडीत पोरगा घेतला. २०२५ मध्ये हाच पोरगा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि ओक्लाहोमा अजिंक्य. हीच ओक्लाहोमा सिटी २०१२ मध्ये जेम्स हार्डनला पैशांवरून घासाघीस करत ह्यूस्टनला देऊन बसली होती. तेव्हा त्यांच्याकडे ड्युरंट, वेस्टब्रुक आणि हार्डन असे तिघे होते. पुढे तिघेही वेगवेगळ्या वर्षी सर्वोत्तम ठरले. त्या वेळी वाचवलेले पैसे कुठल्या कपाटात आहेत, ते कुणी दाखवत नाही.

ही उदाहरणं शेजारी शेजारी ठेवली की मला एक गोष्ट दिसते. पॉल जॉर्ज स्वतः जातो म्हणाला होता. १९७५ मध्ये करीम अब्दुल-जब्बारही मिलवॉकीला तेच म्हणाला होता. क्लबने त्याला लेकर्सकडे जाऊ दिलं आणि पुढच्या अजिंक्यपदासाठी २०२१ पर्यंत वाट पाहिली, म्हणजे १९७१ च्या विजेतेपदापासून पन्नास वर्षं. तरीही मिलवॉकीत कुणी मॅनेजरच्या नावाने शवपेटी मिरवल्याचं ऐकिवात नाही. खेळाडूने स्वतःच पाठ फिरवली की घडणावळीचा हिशेब त्यानेच मोडलेला असतो, क्लबच्या हातात नुसतं वजन उरतं. ते विकायला हरकत कसली? कधी कधी तर तो जातो म्हणतो, तेव्हाही कानाडोळा करावा. कोबी ब्रायंटने २००७ मध्ये लेकर्सकडे जाहीरपणे बदली मागितली होती. क्लबने चालढकल केली, पाऊ गासोल आणून त्याच्या शेजारी उभा केला, आणि २००९ व २०१० ची अजिंक्यपदं घरात आली. चालढकल ही आपल्याकडे फक्त सरकारी कला समजली जाते, ते काही बरोबर नाही.

लुकाने मात्र काहीच मागितलं नव्हतं. बोलणी झाली ती डॅलसमधल्याच एका हॉटेलात, कॉफी पिताना, दोन मॅनेजरांमध्ये. संघाचे प्रशिक्षक जेसन किड यांना अगदी शेवटच्या घटकेला कळलं. या किडना स्वतःला १९९६ मध्ये डॅलसनेच विकलं होतं. अकरा वर्षांनी परत आणलं, तेव्हा कुठे २०११ चं अजिंक्यपद मिळालं. त्यांना विचारलं असतं तर दोन शब्द अनुभवाचे सांगितले असते. पण गुप्ततेचं कारण असं दिलं जातं, की गवगवा झाला तर भाव पडतो. मला वाटतं, गवगवा झाला असता तर व्यवहारच पडला असता.

प्रेक्षकांना या सगळ्यात मत असतं, हे आपल्या मुंबईने अलीकडेच दाखवलंय. २०२३ च्या अखेरीस मुंबई इंडियन्सने हार्दिक पांड्याला गुजरातकडून परत आणलं आणि पाच अजिंक्यपदं जिंकून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी कर्णधार केलं. रोहितला कुणी विकलंही नव्हतं, नुसती खुर्ची बदलली होती. तरी पुढच्या हंगामात वानखेडेवर नाणेफेकीलाच हार्दिकची अशी हुर्यो उडाली, की संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. तीन महिन्यांनी, ४ जुलै २०२४ ला, विश्वचषक घेऊन संघ त्याच मैदानात आला तेव्हा तेच गाव ‘हार्दिक, हार्दिक’ ओरडत होतं. नवी घडणावळ लोकच घालतात, पण त्यासाठी विश्वचषकाचं शेवटचं षटक टाकून दाखवावं लागतं. प्रसिद्धीपत्रकाने भागत नाही.

डॅलसला हे शिकायला वेळ लागला. डेव्हिस पहिल्याच सामन्यात सव्वीस गुण करून त्याच सामन्यात जायबंदी झाला. निकोंना काढा अशा घोषणा सुरू झाल्या. मोठ्या पडद्यावर आल्यावर तेच शब्द नुसत्या ओठांनी म्हणणाऱ्या प्रेक्षकालाही बाहेर काढण्यात आलं. मार्चमध्ये हंगामी तिकिटांचे दर सरासरी साडेआठ टक्क्यांहून जास्त वाढवले. आणि ९ एप्रिलला लुका पाहुणा म्हणून आला, तेव्हा ज्या क्लबने त्याला विकलं त्याच क्लबने प्रत्येक खुर्चीवर एक टी-शर्ट ठेवला होता. त्यावर स्लोव्हेनियन भाषेत छापलं होतं, ‘सगळ्याबद्दल धन्यवाद’. सामन्याआधी जुनी दृश्यं दाखवली, तेव्हा लुका बाकावर बसून टॉवेलने डोळे पुसत होता. मग उठून त्याने पंचेचाळीस गुण केले. धन्यवादाचा स्वीकार याहून सविस्तर करता येत नाही.

मे महिन्यात नशीब डॅलसकडे वळलं. ड्राफ्टच्या सोडतीत पहिला क्रमांक लागण्याची शक्यता जेमतेम १.८ टक्के असताना तो लागला, आणि अठरा वर्षांचा कूपर फ्लॅग पदरात पडला. दैवाने घडणावळीची भरपाई केली म्हणावं, तर ती मॅनेजरच्या खात्यावर कुणी जमा धरली नाही. ११ नोव्हेंबरला हॅरिसन यांची नोकरी गेली. घडणावळ कुठेच जमा होत नाही, असं मी मघाशी म्हणालो, त्यात एवढी दुरुस्ती करायला हवी, की कधी कधी ती व्यवहार करणाऱ्याच्या पगारातून कापली जाते.

तेव्हा मॅनेजरलोकांनी मला विचारलंच, तर मी सांगेन, की तो स्वतः जातो म्हणाला तर द्या, म्हातारा झाला तर पुतळ्याची जागा बघा, आणि पंचविशीतला असून काहीच म्हणत नसेल तर कॉफी एकट्याने प्या. प्रेक्षकांचं काम याहून सोपं आहे. मी डॅलसला राहत असतो तर घरातल्या पोराला फ्लॅगची जर्सी जरूर घेऊन दिली असती. पावती मात्र जपून ठेवली असती.