उजव्या हाताच्या तर्जनीस खुले पत्र

प्रति,
तर्जनी (उजवा हात),
प्रेस क्रमांक 4, दुसरी पाळी,
भोसरी एमआयडीसी, पुणे.

विषय : पंच आणि डाय यांच्यामध्ये विनापरवाना प्रवेश केल्याबाबत.

स. न. वि. वि.

आपण साडेतीन वर्षे प्रेस क्रमांक 4 वर पत्रा सरकवत होतात. तासाला सातशे पीस. इतक्या काळात आपली एकही तक्रार आली नाही, हे व्यवस्थापन जाहीरपणे मान्य करते. म्हणूनच त्या रात्री स्ट्रोक खाली येत असताना आपण तिथे काय करत होतात, याचा उलगडा आम्हाला होत नाही. सुपरवायझर सांगतात की पीस अडकला होता, आपण तो काढायला गेलात आणि प्रेसने डबल मारला. क्लचची ‘की’ झिजली, तर प्रेस एका दाबात दोनदा खाली येतो, हे खरे आहे. ती बदलायला हवी अशी नोंद मेंटेनन्सच्या वहीत तीनदा आहे, हेही खरे आहे. पण नोंद असणे म्हणजे कंपनी जागरूक असणे, आणि ही बाब आपल्या विरोधात जाते.

दोन बटणांचा विषयही निघेल. दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबल्याशिवाय प्रेस पडू नये, म्हणून आम्ही खर्च करून ती बसवली. त्यातल्या डाव्या बटणावर एक रुपयाचे नाणे ठेवून वरून काळी चिकटपट्टी मारली होती, असा आरोप आहे. नाणे कंपनीचे नव्हते. दोन्ही हात बटणांवर गेले तर सातशे पीस कसे निघणार, हा प्रश्न मात्र कंपनीचा होता, आणि तो आम्ही रोज पाळी सुरू होताना मोठ्याने विचारत असू.

आता कायद्याकडे वळू. 21 नोव्हेंबर 2025 पासून कामगारांच्या सुरक्षिततेची नवी संहिता लागू झाली आणि 1948 चा कारखाने अधिनियम निवृत्त झाला. परंतु आपण त्याआधीच गेलात, तेव्हा आपला हिशेब जुन्या खात्यावर. त्या अधिनियमात भोपाळच्या दुर्घटनेनंतर, 1987 साली, 7-क हे कलम घातले गेले. कामगारांची सुरक्षितता, आरोग्य आणि कल्याण यांची जबाबदारी भोगवटादारावर, मात्र वाजवीरीत्या शक्य असेल तिथवर. या ‘शक्य असेल तिथवर’चा आम्हाला फार आधार होता. पंचाईत केली ती कलम 21 ने. यंत्राच्या धोकादायक भागाला भक्कम संरक्षण हवे आणि यंत्र चालू असताना ते जागेवरच हवे, असे ते कलम सांगते; शक्य-अशक्यची भाषाच करत नाही. आमच्याकडे जाळी आहे. प्रेसमागच्या भिंतीवर, खिळ्याला, लक्ष्मीच्या कॅलेंडरशेजारी टांगलेली आहे. निरीक्षक येतात त्या दिवशी ती उतरवून, पुसून, चार बोल्टांनी बसवतात. बसवायला वीस मिनिटे लागतात आणि साहेब गेटवर चहाला तेवढा वेळ थांबतात. (कारखान्यात पूर्वसूचनेशिवाय शिरण्याचा हक्क निरीक्षकाला असावा, असा जिनिव्हाचा 1947 चा करार आहे आणि 1949 मध्ये भारताने तो मान्यही केला. चहाबद्दल करारात काही नाही.)

भोगवटादार कोण, असे आपण विचाराल. बोट दाखवणे हे आपले कामच होते. खरे तर आम्ही हे पद मॅनेजरलाच देणार होतो, त्यांना पगारच त्यासाठी आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली ठरवून टाकले की कंपनी असेल तर भोगवटादार हा संचालकच असला पाहिजे. तेव्हापासून हा मान आमच्या काकांकडे आहे. वय एक्याऐंशी, मुक्काम नाशिक. त्यांनी प्रेस क्रमांक 4 पाहिलेला नाही, पण सही सुरेख करतात. शिवाय कलम 101 आहेच: भोगवटादाराने पुरेशी काळजी घेतली होती आणि गुन्हा त्याला नकळत दुसऱ्याने केला, असे सिद्ध झाले तर तो सुटतो. हा दुसरा आम्ही शोधत आहोत. आपल्या शेजारी नाणे कोणी ठेवले ते आठवले तर कळवावे.

आपण ठेकेदाराकडून आला होतात, एवढ्यावर आम्हाला थांबता आले असते. पण कायदा ठेकेदाराच्या माणसालाही आमचाच कामगार धरतो. उद्योजकाने जगावे कसे?

शिक्षेचे म्हणाल तर कलम 92 खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सुरक्षिततेचा नियम मोडल्यामुळे गंभीर शारीरिक दुखापत झाली, तर दंड किमान 5,000 रुपये. आणि इथेच आपण आमची निराशा केलीत. गंभीर दुखापत कशाला म्हणायचे, याचे स्पष्टीकरण त्याच कलमात आहे, आणि हाताच्या किंवा पायाच्या बोटाचे एखादे हाड मोडले तर ते त्यात धरायचे नाही, असे तिथे लिहिले आहे. आपण नुसत्या मोडला असतात तर प्रश्नच मिटला असता. तुटून पडायची काय घाई होती? आमच्या वकिलांनी हे ऐकले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला, पाचही बोटांनी.

कामगाराचेही कर्तव्य असते, हे लोक विसरतात. कलम 111: सुरक्षिततेच्या साधनांत ढवळाढवळ करू नये, स्वतःला धोका होईल असे काही जाणूनबुजून करू नये. तीन महिने कैद किंवा 100 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्यावर असलेला हा 100 रुपयांचा बोजा माफ करण्याची आमची तयारी आहे.

तसेही प्रकरण कोर्टात जाईल असे दिसत नाही. फिर्याद निरीक्षकाने किंवा त्याच्या लेखी संमतीनेच करायची आणि त्याला गुन्हा कळल्यापासून तीन महिन्यांत करायची, असा नियम. कळल्यापासून, हे लक्षात घ्यावे. कामगार 48 तास कामावर येऊ शकला नाही तर अपघाताची सूचना द्यावी लागते. सदर कामगार दुसऱ्या दिवसापासून हजेरीपटावर हजर आहे. विम्याच्या कागदावर तो त्याच दिवसापासून रुग्णालयात आहे. निरीक्षकाचे आणि विम्याचे, अशी ही कार्यालये दोन आहेत आणि त्यांचे कागद एकमेकांना भेटत नाहीत.

विम्यावरून आठवले. आपली नोंदणी राहून गेली होती. आपण रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी गेलात आणि साडेअकराच्या आत राज्य विम्याचे ई-पेहचान पत्र तयार होते. ऑफिसातल्या मुलीने घरून येऊन केले. कंपनी कामगारांसाठी रात्रीही जागी असते ती अशी.

आता आपले मोल. आपल्या वेळच्या राज्य विमा कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्व काही लावून दिलेले होते. तर्जनीचे हाड न जाता नुसते टोक कापले तर 5 टक्के. एक पेर गेले तर 9, दोन पेरे 11, सबंध गेली तर 14. मधले बोट 12. अनामिका किंवा करंगळी 7. अंगठा 30. हात उजवा की डावा याने फरक पडत नाही, आणि घरी जेवताना, शर्टाची बटणे लावताना आपली किती गरज पडायची याचा रकाना नाही. सदर कामगाराची रोजी 600 रुपये. तिच्या 90 टक्के म्हणजे 540, त्याचे 14 टक्के म्हणजे 75 रुपये 60 पैसे रोज, तहहयात. आपण सबंध गेलात हे त्या दृष्टीने शहाणपणाचे झाले. आणखी एक सोय त्याच कायद्याच्या कलम 53 मध्ये होती: विम्याचा लाभ घेतला की मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही. ही रक्कम आम्ही देत नाही, महामंडळ देते. म्हणून तर ती वेळेवर मिळते.

नव्या संहितेत जबर दुखापतीचा दंड दोन लाखांपासून चार लाखांपर्यंत नेला आहे आणि त्यातला निम्मा तरी जखमी माणसाला द्यावा असे कोर्ट सांगू शकते. ऐकून आम्हाला दोन रात्री झोप नव्हती. मग पुढचे वाचले. वीज वापरणारा कारखाना म्हणायला मूळ जुन्या अधिनियमात दहा माणसे पुरत, संहितेत वीस लागतात. त्याप्रमाणे शेडमध्ये मधोमध पत्र्याची भिंत घालायचे काम सुरू आहे. पलीकडची बाजू वहिनींच्या नावावर.

4 मार्चला सुरक्षा दिनाची शपथ घेताना उजवा हात पुढे केला होता, तेव्हा सर्वांत पुढे आपण होतात. फोटो आहे. तो सोबत जोडला आहे.

सोबत निवेदनही आहे: ‘अपघात माझ्या निष्काळजीपणामुळे झाला, कंपनीबद्दल तक्रार नाही.’ आपण नसल्याने सदर कामगाराला पेन धरता येत नाही असे कळते. शेजारच्या अंगठ्याचा ठसा चालेल. स्टॅम्पपॅड ऑफिसात आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
(व्यवस्थापनाकरिता)

प्रत माहितीसाठी : प्रेस क्रमांक 4 वर सोमवारपासून रुजू झालेल्या मुलाची दहाही बोटे.