डोलीतली खुशाली

वेरूळला गेलेला माणूस कैलास लेणं बघून येतो, असा एक समज आहे. आमच्या घरातला माणूस कैलासासमोर उभा राहून धुळ्याच्या भाचीची सोयरीक कुठवर आली ते ऐकून येतो. राष्ट्रकूटांच्या पहिल्या कृष्णराजाने आठव्या शतकात अख्खा डोंगर कळसापासून पायापर्यंत कोरवून घेतला, तो काही आमच्या गप्पांना सावली मिळावी म्हणून नव्हे. पण अंगण प्रशस्त आहे, ऊन आत उतरायला वेळ लागतो, आणि रखवालदाराची शिट्टी वाजेपर्यंत दगडी हत्तीच्या आडोशाला टेकता येतं. धुळ्याच्या प्रकरणात मुलाकडच्यांनी पत्रिका परत मागितली होती, एवढं मला त्या हत्तीपाशी कळलं. हत्तीची सोंड तुटलेली आहे हे मी नंतर फोटोत पाहिलं.

या सगळ्याच्या मुळाशी छत्रपती संभाजीनगरची आमची आत्या. सिडको, एन-सात. मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेल्या या खडकीचं पुढे फतेहनगर झालं, औरंगाबाद झालं, छत्रपती संभाजीनगर झालं; आत्याच्या पत्त्यात मात्र ‘पाण्याच्या टाकीमागे’ हे दोन शब्द कधी हलले नाहीत. त्याच मलिक अंबरने डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरातल्या मोहल्ल्या-मोहल्ल्यांत पोचवलं होतं. आमच्या घराण्याच्या बातम्यांची तशीच एक नहर आत्याच्या दिवाणखान्यातून जाते. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, बातमी रोज येते.

बातमी द्यायचं शास्त्र आत्या पोस्टकार्डाच्या काळात शिकली. चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लागलेलं कार्ड देवापुढे ठेवायचं, कोपरा फाडलेलं कार्ड उंबऱ्याबाहेरच वाचायचं आणि तिथेच फाडून टाकायचं. तार आली की आधी रडून घ्यायचं, मग शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायची. पुष्कळदा ती कोणाला तरी मुलगा झाल्याची निघे आणि मास्तरांना पेढे मिळत. सरकारने जुलै 2013 मध्ये तार बंद केली तेव्हा लोक हळहळले. आत्या म्हणाली, “बरं झालं बाई, छातीत धडकी भरायची.”

तर न्यू जर्सीचा नंदूदादा बायको-मुलासह आला म्हणून सगळ्यांनी मिळून सहल काढायचं ठरलं. आखणी त्याच्या वडिलांनी, म्हणजे बापूकाकांनी केली. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद, हे त्यांनी दोन रंगांच्या पेनांनी लिहून काढलं आणि सगळ्यांना एकाच गाडीत, एकाच वेळी, एकाच ठिकाणी न्यायचा हट्ट धरला. 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीचा गोतावळा दौलताबादला हलवला, त्याची आखणीही अशीच चोख असणार. घोळ माणसं निघाल्यावर होतो. आमच्यात काकूंची चप्पल तुटली, नातवाला गाडी लागली आणि आत्याने सगळ्यांसाठी केलेले धपाटे सिडकोतच ओट्यावर राहिले. त्याची खबर आम्ही क्रांती चौकात पोचण्याआधी सोलापूरच्या कुसुममावशीला होती, कारण नंदूदादा ‘गोतावळा’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिनिटामिनिटाला काहीतरी टाकत होता. “धपाटे राहिले ना गं? दह्याचं काय केलंत?” असा तिचा फोन गाडीत आला.

बीबी का मकबरा सकाळी उरकला. आझमशहाने आपल्या आईसाठी, दिलरस बानूसाठी तो बांधवला असं सांगतात. खर्च 6,68,203 रुपये सात आणे. “आणेसुद्धा लिहून ठेवलेत,” बापूकाका गहिवरून म्हणाले. ते लेखापरीक्षणातून निवृत्त झालेत. आत्याने घुमटाकडे बघितलं, मग नंदूदादाकडे बघितलं आणि म्हणाली, “लेकानं आईसाठी केलं, एवढं पुरे आहे बाबा.” नंदूदादा लगेच काकूंना शहाळं आणायला गेला.

दौलताबादला किल्ल्याच्या दाराबाहेर सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या असतात. बापूकाका चांदमिनारापर्यंत आले, वर बघितलं, पंधराव्या शतकातला आहे एवढं जाहीर केलं आणि पाट्यांकडे परत फिरले. पुढे खंदक, मग ती प्रसिद्ध अंधारी: कातळातला वळणावळणाचा काळाकुट्ट जिना, पायाखाली पायऱ्यांचा नेम नाही, वर वटवाघळं आणि नाकात त्यांचा दर्प. शत्रूला चकवायला केलेली ही वाट नातेवाइकांनाही चकवते. आत्या पहिल्या वळणावरच थांबली. नंदूदादा दुसऱ्या वळणावर ‘नेटवर्क नाही’ म्हणून परतला. शेवटपर्यंत गेला तो फक्त नातू, आणि त्याच्या मागे धापा टाकत मी.

या किल्ल्यात इब्न बतूता येऊन गेला आहे. इथल्या अंधारकोठडीतल्या घुशी मांजराहून मोठ्या असतात आणि मांजरंच त्यांना बघून पळतात, असं त्याने सांगून ठेवलंय. वर आपण स्वतः पाहिल्या म्हणतो. हे सगळं त्याने प्रवास संपवून मोरोक्कोला परतल्यावर, आठवून आठवून एका लेखनिकाला सांगितलं. पुस्तक पुरं झालं 1355 मध्ये. घरी सुखरूप पोचल्यावर आणि लिहून घेणारा समोर बसल्यावर घुशी वाढतात, यात मला तरी काही विशेष वाटत नाही. लेखनिकानेही ‘केवढ्या?’ असं दोनदा विचारलं असेल.

गाडी खुलताबादवरून पुढे जाते. तिथे औरंगजेबाची कबर आहे. त्याची पत्रं छापलेली आहेत. त्यात एक पत्र मुलाने पाठवलेल्या आंब्यांबद्दल आहे. आंब्यांना नावं सुचवा म्हणून मुलाने विचारलं आणि बादशहाने ‘सुधारस’ आणि ‘रसनाविलास’ अशी दोन चक्क संस्कृत नावं कळवली. भावांचं काय केलं आणि बापाला कुठे ठेवलं हे जगजाहीर असलेल्या माणसाच्या घरीसुद्धा आंब्याची पेटी आली की पोच जात होती. आमच्याकडे गेल्या मोसमात रत्नागिरीहून आलेल्या पेटीची पोच अजून कोणी दिलेली नाही. नावं घेत नाही, गाडीत सगळे बसलेले होते.

वेरूळबद्दल वर सांगितलंच. फक्त धुमार लेण्यातलं शिवपार्वतीचं लग्न आत्याने मन लावून पाहिलं. भटजी म्हणून खुद्द ब्रह्मदेव बसलेत, वर देवांची गर्दी आहे, नवरी लाजून उभी आहे. “मानपान नीट झालेला दिसतोय,” असा तिने शेरा दिला.

अजिंठा दुसऱ्या दिवशी. शंभरेक किलोमीटरचा रस्ता, मग फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडून एसटीने चार किलोमीटर आत. पायऱ्या बघून आत्याचा गुडघा बोलायला लागला, तेव्हा डोली ठरली. डोली म्हणजे दोन बांबूंना बांधलेली खुर्ची आणि तिला खांदा देणारे चार जण. आत्या हातात पर्स धरून त्यात बसली, चौघांनी उचललं, आणि नेमका धुळ्याचा फोन आला.

“हां, बोल. नाही गं, मी डोलीत आहे. अगं, अजिंठ्याच्या! मग? पत्रिका परत मागितली, पुढे?”

डोली पायऱ्या चढत होती आणि प्रकरण उलगडत होतं. मुलाच्या मामाने काड्या घातल्या होत्या. मुलीने मुलाला परस्पर फोन केला होता. पुढच्या डाव्या बांबूखालचा भोई मान तिरकी करून ऐकतोय हे माझ्या लक्षात आलं. मागचे दोघं पायांचा आवाज कमी करून चालत होते. पहिल्या लेण्यापाशी डोली खाली ठेवायची, तर आत्याने “थांब, मुलगा येतोय का मग?” असं फोनमध्ये विचारलं आणि चौघं खांद्यावर भार घेऊन तसेच थांबले. मागून दुसरी डोली आली, तिच्यातले गृहस्थ गुजरातीत ओरडले, तरी हे हलेनात. फोन बंद झाल्यावर पुढचा भोई न राहवून म्हणाला,

“मंग, जमलं का मावशी?”

“रविवारी येतायत ते. मुलगा म्हणतो, मामाला आणू नका.”

“मामाला बोलवाच,” मागून आवाज आला. “नाहीतर लग्नात राडा करतो. आमच्यात झालंय.”

“हे पण खरं बाबा,” आत्या म्हणाली. मग चौघांशी मिळून मामाला कसं घोळात घ्यायचं हे ठरलं, आणि मगच आम्ही पद्मपाणीच्या दर्शनाला गेलो.

सोळाव्या लेण्यात आत्या खरी खिळली. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने हे लेणं कोरवलं. भिंतीवर एक खचलेली स्त्री आहे, दासींनी सावरलेली, मान कलती, बोटं गळालेली. गाइडने सांगितलं की ही नंदाची बायको सुंदरी. बुद्धाचा हा सावत्र भाऊ भिक्षू झाला, त्याचा मुकुट घेऊन माणूस घरी आला, आणि तो बघताच ती कोसळली. मंद दिव्यात सगळे गप्प होते. आत्या पुढे झाली, चष्मा पुसला, मुकुट घेऊन उभ्या असलेल्या त्या माणसाकडे बराच वेळ रोखून बघितलं.

“हा मूर्ख आहे,” ती म्हणाली.

“अं?” गाइड.

“बातमी अशी द्यायची असते का? मुकुट कशाला नाचवत यायचं! आधी बसवायचं, पाणी द्यायचं. म्हणायचं, नंदराव खुशाल आहेत, जेवण व्यवस्थित आहे, भावाजवळच आहेत. मग हळूच मुद्द्यावर यायचं.” दीड हजार वर्षांत त्या सेवकाचा हा पहिला जाबजबाब असावा.

जॉन स्मिथवरही तिने मेहेरनजर केली नाही. हा मद्रासच्या घोडदळातला इंग्रज 28 एप्रिल 1819 रोजी वाघाच्या शिकारीला आला आणि दहाव्या लेण्यात पोचला. तिथल्या खांबावर त्याने आपलं नाव आणि तारीख खरवडून ठेवली. “नाव आणि तारीख काय घालायचीय,” आत्या म्हणाली, “खुशाल आहे एवढं तरी लिहायचं. आई वाट बघत असेल.”

त्यानंतर इथली चित्रं जगाला दाखवायची खटपट पुष्कळ झाली. रॉबर्ट गिलने 1844 पासून वर्षानुवर्षं इथे राहून नकला काढल्या, त्यातल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी आणून पुन्हा काढल्या, त्यातल्याही कितीतरी 1885 मध्ये लंडनलाच जळाल्या. “क्लाउडवर टाकायला पाहिजे होत्या,” नंदूदादा म्हणाला. थोड्या वेळाने त्याच्या फोनवर जागा संपल्याचा निरोप आला आणि तो पायरीवर बसून एकेक फोटो पुसायला लागला. पहिले गेले ते मकबऱ्याचे. धपाट्यांच्या डब्याचा ठेवला.

रात्री सगळे आत्याकडे येसरची आमटी आणि भाकरी जेवून हात वाळवत बसले होते, तेव्हा कुसुममावशीचा फोन आला. स्पीकरवर ठेवला. ती आली नव्हती, त्यामुळे तिला सगळं नीट माहीत होतं. “अंधारीत वटवाघळं कावळ्याएवढी होती म्हणे?”

बापूकाकांनी सीताफळाची बी वाटीत टाकली आणि फोन स्वतःकडे ओढला. “कावळ्याएवढी? अगं कुसुम, घारीएवढी! डोक्यावरून गेली की वारा लागत होता.”

“अगोबाई! आणि तू आत गेलास?”

“जावं लागतं,” बापूकाका म्हणाले.

“आजोबा, ती एवढीशीच होती,” नातवाने तळहात पुढे केला. “आणि तुम्ही तर बाहेर...”

“मोठी माणसं बोलतात तेव्हा मध्ये बोलू नये,” आत्या म्हणाली आणि त्याच्या ताटलीत आणखी एक सीताफळ फोडून ठेवलं. “हां बापू, पुढे सांग. मलाही ऐकायचंय, मी पहिल्या वळणावरच थांबले होते.”