कुंपणाच्या आत

लंडनजवळच्या हॉक्स्टनमध्ये थॉमस फेअरचाइल्ड नावाचा एक माळी होता. १७१७ च्या सुमारास त्याने स्वीट विल्यमच्या फुलातले पराग पिसाच्या टोकावर घेतले आणि कार्नेशनच्या फुलाला अलगद लावले. बी धरलं, रोप आलं, त्याला फुलंही आली. ती ना धड कार्नेशनची, ना धड स्वीट विल्यमची. माणसाने आपल्या हाताने घडवून आणलेला, नोंदीत असलेला हा पहिला वनस्पतिसंकर. या रोपाला पुढे बी धरेना, म्हणून लोकांनी त्याचं नावच पाडलं, फेअरचाइल्डचं खेचर. एवढी करामत केल्यावर दुसऱ्या कोणी गावभर पेढे वाटले असते. फेअरचाइल्डला मात्र, असं सांगतात, जन्मभर रुखरुख लागून राहिली की देवाच्या वहीत आपण न विचारता एक ओळ लिहिली. १७२९ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या मृत्युपत्रात शोरडिचच्या चर्चसाठी २५ पौंड ठेवलेले निघाले. त्यातून दर वर्षी एक प्रवचन व्हावं, विषय सृष्टीतली ईश्वराची अद्भुत करणी. पिसाच्या एका फटकाऱ्यासाठी इतकं लांबलचक प्रायश्चित्त दुसऱ्या कोणी घेतलं असेल असं मला वाटत नाही.

या माणसाबद्दल मला फार माया वाटते. हल्ली कुठल्याही मोठ्या रोपवाटिकेचा रंगीत कॅटलॉग उघडला की पानापानावर नवं, सुधारित, खास विकसित केलेलं, अशी ललकारी असते. रुखरुखीचा मागमूसही नसतो. त्यातली लोंबत्या, पसरत्या जिरेनियमची पानं मी जरा जास्त वेळ उघडी ठेवतो. आपल्याकडे जिरेनियम म्हटलं की बाल्कनीतली कुंडी डोळ्यांसमोर येते, किंवा अलीकडे तेलासाठी शेतात लावलेलं सुवासिक पीक. ही दोन्ही खरं तर दक्षिण आफ्रिकेतली पेलार्गोनियमं. लिनियसने त्यांना जिरेनियमच्याच कुटुंबात ठेवलं होतं; १७८९ मध्ये लेरितिए नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी त्यांची चूल वेगळी करून दिली, पण दुकानदारांनी ही वाटणी अजून मानलेली नाही. मी म्हणतो आहे ते मूळच्या घरातलं, थंड मुलखातलं जिरेनियम. ते वर चढत नाही, ताठ उभं राहत नाही. फांद्या पुढे टाकत, शेजारच्या झुडपाच्या खांद्यावर हात ठेवत ते जमेल तसं सरकत राहतं, आणि जिथे थांबेल तिथे फुलतं. महत्त्वाकांक्षेचा इतका आडवा प्रकार वनस्पतींतही फार थोड्यांना साधला आहे.

संकर करायला लागतं तरी काय? टोकदार चिमटा, मऊ कुंचला, मलमलची पिशवी, दोरा, आणि पावसात न पुसणाऱ्या शाईने लिहिलेली चिठ्ठी. बाकी सगळी चिकाटी. जिरेनियमच्या फुलात दहा पुंकेसर असतात. ते आधी पिकतात, पराग उधळून मोकळे होतात, त्यांचे परागकोश गळून पडतात, आणि त्यानंतर सावकाश मधल्या कुक्षीचे पाच हात उघडतात. म्हणजे नवरदेव मांडवातून निघून गेल्यावर वधू बोहल्यावर येते. घरातल्या घरात सोयरीक होऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ही तजवीज. संकर करणाऱ्याचा तिच्यावरही विश्वास नसतो. तो कळी उमलायच्या आतच परागकोश चिमट्याने काढून टाकतो, पिशवी बांधतो, आणि कुक्षी उघडली की दुसऱ्या झाडाचे पराग कुंचल्याने टेकवून चिठ्ठीवर दोन्ही पक्षांची नावं लिहितो. त्या क्षणी त्याच्याकडे पाहावं. श्वास रोखलेला, जिभेचं टोक दातांत, चष्मा घसरत नाकाच्या शेंड्यापर्यंत आलेला. आणि हाताच्या अंतरावर एक मधमाशी फुलात डोकं खुपसून, मागचा भाग हलवत, तेच काम त्याच्या कितीतरी पट वेगाने करत असते. चिठ्ठी तेवढी ती लिहीत नाही.

पुढे फळ धरतं ते सारसाच्या चोचीसारखं लांब निमुळतं. ही चोच वाळली की तिच्या पाच पट्ट्या ताणल्या जातात आणि एखाद्या कोरड्या दुपारी फट्कन वर वळून बिया गोफणीतून सुटल्यासारख्या भिरकावून देतात. इतके दिवस जिवापाड राखलेली वंशावळ क्षणात कोबीच्या वाफ्यात. म्हणून पुन्हा पिशवी बांधायची, बी धरायचं, पेरायचं, आणि पहिल्या फुलाची वाट पाहायची. ते फूल बहुतेक वेळा आईबापांहून उणंच निघतं. रंग मातकट, पाकळ्या अरुंद, फांद्यांना पुढे जायची इच्छाच नाही. मग वाफ्याच्या कडेने चालत एकेक रोप उपटून टाकायचं. नवी जात काढणं म्हणजे मुख्यतः उपटणं, हे कॅटलॉगात कुठे छापत नाहीत. उपटणाऱ्याचा हात प्रत्येक वेळी धजतोच असं नाही. हिला आणखी एक वर्ष ठेवून बघू, असं म्हणत म्हणत कित्येक हौशी लोकांच्या बागा नापास झालेल्या लेकरांनी भरून गेल्या आहेत, आणि मला विचाराल तर त्याच बागा बघायला जास्त छान असतात.

आता गंमत अशी की अलीकडच्या काळातल्या सर्वांत गाजलेल्या पसरत्या जिरेनियमसाठी यातलं काहीच कोणी केलं नाही. चिमटा नाही, पिशवी नाही, चिठ्ठी तर नाहीच. इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यात किल्व्ह नावाचं गाव आहे. तिथे डोनाल्ड आणि रोझॅन वॉटरर या दांपत्याच्या बागेत १९८९ मध्ये एक रोप आपलं आपण उगवून आलेलं दिसलं. त्याचे आईबाप ठरवले गेले ते दोघेही हिमालयाकडचे. एक जिरेनियम हिमालयेन्स: मोठ्या, निळ्या-जांभळ्या फुलांचं, पण मुळांनी पसरणारं आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच बहर आटोपणारं. दुसरं जिरेनियम वॉलिचिआनम: लांब लोळत्या फांद्यांचं, उशिरा फुलून शरद ऋतूपर्यंत टिकणारं. या दुसऱ्याला नाव मिळालं ते नॅथॅनिएल वॉलिचचं. हा कोपनहेगनचा डेन डॉक्टर सेरामपूरच्या डॅनिश वसाहतीत आला आणि पुढे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख होऊन बसला. त्याच्या नावाच्या जिरेनियमचा एक निवडक, पांढऱ्या डोळ्याचा निळा वाण वेल्समध्ये बक्स्टन नावाच्या बागप्रेमी गृहस्थाकडे निघाला, आणि तो इंग्रजी बागांतून हिंडत हिंडत सॉमरसेटला पोचला. डोंगरात या दोन घराण्यांचं कधी जमलं असेल-नसेल. परमुलखात, समुद्राजवळच्या एका खेड्यात, ओल्या हवेत मात्र जमलं. परदेशात गेल्यावर गाववाल्यांचं एकमेकांशी जरा जास्तच जुळतं, हे लंडनच्या महाराष्ट्र मंडळात एक दिवाळी काढलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही.

रोपाने आईबापांचं जे चांगलं तेच नेमकं उचललं होतं. बशीसारखं उघडं, निळसर जांभळं फूल, मधोमध पांढरट उजेड, त्या उजेडातून पाकळ्यांवर निघालेल्या बारीक जांभळ्या रेघा, आणि टोकांवर काळपट परागकोश, जणू कोणी रेघा ओढता ओढता दौतीत बुडवलेल्या काड्या तिथेच विसरून गेलं. पानांवर फिकट पोपटी झाक. फांद्या मीटरभर लांब जाणाऱ्या. वॉटरर दांपत्याने ते रोप वेगळं ओळखलं, जपलं, वाढवलं, आणि पुढे नॉरफोकमधल्या ब्रेसिंगहॅमच्या नामवंत रोपवाटिकेच्या एड्रियन ब्लूम यांच्या हाती दिलं. तिथे त्याची परीक्षा होत राहिली, आणि २००० साली ते 'रोझॅन' या नावाने बाजारात आलं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बहुवर्षायू वनस्पतींच्या संघटनेने त्याला वर्षाची वनस्पती ठरवलं. २०१३ मध्ये चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनाला १०० वर्षं झाली, तेव्हा लोकांच्या मतांनी शतकाच्या वनस्पतीचा मानही त्यालाच मिळाला. मधल्या काळात नेदरलँड्समधून 'जॉली बी' नावाचं एक जिरेनियम आलं. दोघांत फरक दाखवता दाखवता जाणकार थकले, आणि अखेर ते 'रोझॅन'च मानलं गेलं. माझ्या मते त्या भांडणात एकच गोष्ट बरी झाली: मधमाशीचं नाव थोडे दिवस का होईना, पाटीवर लागलं.

हे सगळं वाचताना मला राहून राहून आठवते ती वाईच्या घरची गुलबक्षी. न्हाणीचं पाणी जिथे परसात सुटायचं, तिथे आत्याने गुलबक्षी लावली होती. लावली होती म्हणजे काळी, सुरकुतलेली, मिऱ्यांसारखी बी येता-जाता फेकली होती. संध्याकाळी ती उमलायची. एका झाडावर गुलाबी, एकावर पिवळी, आणि एखाद्या पावसाळ्यात अचानक एकाच फुलाची अर्धी पाकळी पिवळी तर अर्धी राणी रंगाची, उरलेल्यावर कोणी रंगाचा कुंचला झटकल्यासारखे शिंतोडे. आत्या ते फूल खुडून ओट्यावर आणायची, सगळ्यांना दाखवायची आणि म्हणायची, "बघ, मी पिवळी आणि गुलाबी जवळजवळ लावली ना, म्हणून हे झालं!" आजी वातींचा कापूस पिंजता पिंजता मान वर न करता म्हणायची, "हो बाई, तूच केलंस." कार्ल कोरेन्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने याच गुलबक्षीवर प्रयोग केले होते, आणि १९०९ मध्ये त्याने दाखवून दिलं की तिच्या पानांवरची पांढरी-हिरवी चित्रकारी फक्त आईकडून येते, बापाच्या परागांचा तिच्याशी संबंध नसतो. आत्याला हे कळलं असतं तर तिला ते मुळीच नवल वाटलं नसतं. तिला मूलबाळ नव्हतं. पण गल्लीतल्या निम्म्या परसांत तिच्या गुलबक्षीची बी गेली होती, आणि कोणाच्या दारात चित्रविचित्र फूल उमललं की निरोप यायचा: आत्यांना म्हणावं, तुमच्या झाडाला आज बघून जा. ती पदर सावरून जायची, फुलाची हनुवटी बोटाने वर करून बघायची, आणि कोण कोणावर गेलं आहे ते तिथल्या तिथे सांगायची.

आत्याच्या या दाव्यावरून मला आठवतं ते अमेरिकेचं वनस्पती-पेटंट. 'रोझॅन'लाही ते मिळालं होतं. त्या देशाने १९३० मध्ये झाडांवर पेटंट द्यायला सुरुवात केली आणि १९५४ मध्ये नुसत्या सापडलेल्या रोपांनाही त्यात जागा दिली. अट दोन गोष्टींची. एक, ते रोप बियांवाचून, फांदीने वा कलमाने, जसंच्या तसं वाढवून दाखवता आलं पाहिजे. दुसरी अट मला फार आवडते: ते लागवडीच्या जागेत सापडलेलं असलं पाहिजे. रानात, मोकळ्या माळावर सापडलेल्या झाडावर हक्क सांगता येत नाही. म्हणजे चोचीतून सुटलेलं बी वितभर अलीकडे पडलं तर माणसाची बुद्धी, वितभर पलीकडे पडलं तर देवाची करणी. फेअरचाइल्डने ज्या प्रश्नावर २५ पौंड आणि मनाची शांती खर्च केली, त्याचा निकाल कायद्याने एका कुंपणावर लावून टाकला. या कुंपणाला मी हसतो खरा, पण त्यात थोडा न्यायही दिसतो. रोप कोणी घडवलं हे नाही सांगता येत. पण रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन वाफ्यापाशी कोण उभं राहत होतं, कोणाला त्या गर्दीत एक पान जरा वेगळं वाटलं, आणि तण म्हणून उपटायला वाकलेला हात कोणाचा थांबला, हे सांगता येतं. रानात असं रोज येऊन उभं राहणारं कोणी नसतं. आत्याचाही दावा एवढाच होता, आणि आजीने तो इतक्या वर्षांत एकदाही खोडून काढला नाही.

'रोझॅन'ला बी धरत नाही. तीही एक खेचरच. फूल उमलतं, मधमाश्या येऊन जातात, आणि चोच काही भरत नाही. इतर जिरेनियमं बी झालं की हात झटकून बसतात, वर्षाचं काम संपलं म्हणून. हिचं काम संपतच नाही, म्हणून ही जूनमध्ये फुलू लागते ती थेट पहिलं दहिवर पडेपर्यंत. जगभरच्या कुंड्यांत, टांगत्या टोपल्यांत, दगडी बांधांवरून खाली ओघळणारी जितकी 'रोझॅन' आहेत ती सगळी तिच्याच तुकड्यांपासून झालेली. हिशेबाने पाहिलं तर ती तिची मुलं नव्हेत, तीच आहे, १९८९ ची, किल्व्हची, अनेक ठिकाणी एकाच वेळी उभी. शिकागोतल्या पायरीवर ती बर्फाखाली झोपलेली असते आणि त्याच वेळी न्यूझीलंडमध्ये उन्हात फुललेली. पुण्याच्या एप्रिलपुढे तिचं काही चालायचं नाही, त्यामुळे माझ्या बाल्कनीत ती नाही. तिच्या बाबतीत माझी भूमिका लांबून चौकशी करणाऱ्या नातेवाइकाची आहे. ज्यांच्याकडे ती आहे ते तक्रार करतात की जुलैपर्यंत ती गुलाबाच्या अंगावर जाते, पायवाट अडवते, आणि कुंपणाच्या फटीतून शेजाऱ्याच्या बागेत जाऊन तिथे जास्त फुलते. यावर जाणकारांचा सल्ला एकच, कातरी घ्या आणि बुडापाशी थोडीशी ठेवून सगळी छाटून टाका. भीत भीत लोक छाटतात. काही आठवड्यांत ती पुन्हा फुटते, पहिल्यापेक्षा दाट, आणि सप्टेंबर लागायच्या आत तिची पहिली फांदी कुंपणाच्या त्याच फटीत शिरलेली असते.